बुडबुडे थांबले तेव्हा

एप्रिलातली रात्र, बाहेर अजून भट्टी. अक्कलकोट तालुक्यातून १०८ ने आमच्या नवजात अतिदक्षता विभागात बाळ आलं. ३० आठवड्यांचं, १२५० ग्रॅम, प्रत्येक श्वासाला कण्हत होतं. वाटेत शंभर टक्के ऑक्सिजन लावलेला. “सॅच्युरेशन ९९ आहे सिस्टर, एकदम मस्त!” ऑक्सिजनवरच्या एवढ्याशा जिवाला ९९ मस्त नसतं, ते डोळ्यांच्या पडद्यावर बेततं. आम्हाला ९० ते ९५ हवं असतं. पण गाडीवरच्या पोरांना हे कुणी शिकवतच नाही.

बबल सीपॅप लावला, म्हणजे नाकातून दाबाने हवा आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. त्या हवेतला ऑक्सिजन ४० टक्क्यांवर न्यावा लागला, तेव्हा डॉक्टरांनी बारीक कॅथेटरने फुफ्फुसात सर्फॅक्टंट दिलं, हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारं औषध. तासाभरात ऑक्सिजन २८ वर उतरला.

दाराशी आजी उभी. “बाई, व्हेंटिलेटर हाय म्हणं तुमच्याकडं. मग आमच्या लेकराला बाटली का लावलाय? पैशाचं बघतो की आम्ही.”

काय सांगणार? नळीचं टोक पाण्यात ६ सेंटिमीटर बुडलेलं असतं. तेवढा दाब श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राहतो आणि हवेच्या पिशव्या मिटत नाहीत. व्हेंटिलेटर लावला तरी या बाळाचा एक श्वास जेमतेम ६ मिलीचा, म्हणजे चहाचा एक चमचा. त्याहून जास्त हवा आत ढकलली की फुफ्फुसच दुखावतं. पण बाटलीला रुबाब नाही.

आणि ती बाटली सांभाळणं हे अख्खं काम आमचं. प्राँग, म्हणजे नाकपुड्यांतल्या छोट्या नळ्या, नाकात नीट बसायला हवेत, पण मधल्या पडद्याला टेकता कामा नयेत, नाहीतर दोन दिवसांत तिथे जखम. नळ्या धरून ठेवणारी टोपी घट्टही नको, सैलही नको. पोटातली नळी उघडी ठेवायची, नाहीतर पोट फुगून श्वास कोंडतो. नवीन मुलींना मी हे रागावून शिकवते, त्याला इलाज नाही.

पहाटे तीनला गॅस, म्हणजे रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट आला: पीएच ७.२४, कार्बन डायऑक्साइड ५८. पीएच उतरलेला, कार्बन डायऑक्साइड चढलेला, म्हणजे श्वास पुरत नव्हता. ऑक्सिजन पुन्हा ४० वर. नाइटचे डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, तीन नंबरची ट्यूब काढा.” म्हणजे श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर.

माझं लक्ष बाटलीकडे गेलं. आवाज नव्हता. बाळाचं तोंड उघडं, एक प्राँग सरकलेला, आणि फुल एसीमुळे नळीच्या झोळात पाणी साचलेलं. मॉनिटर ढिम्म, या बाटलीला अलार्मच नसतो.

“सर, अर्धा तास द्या.”

पाणी काढलं, नाक साफ केलं, प्राँग बसवले, हनुवटीखाली पट्टी लावली. बुडबुडे सुरू झाले. ट्यूबचा ट्रे मात्र उघडाच ठेवला होता. पुढचा गॅस ७.३० आणि ४९. ऑक्सिजन ३०.

डॉक्टरांचंही चुकत नव्हतं. पोरगा नवीन, तरी थांबला. दुसरा एखादा माझ्यावर डाफरला असता. पण पहिलाच गॅस ७.१८ आला असता तर मी अर्धा तास मागितला असता का, हे अजून ठरत नाही. चार्टवर त्या वेळेसमोर ‘गॅस सुधारला’ एवढंच आहे. बुडबुडे थांबले होते, हे लिहायला त्यात रकानाच नाही. मी समासात लिहिलं, तर इन्चार्ज म्हणाल्या, चार्ट स्वच्छ ठेवा.