शाळेत बंदूक कुणाकडे आहे?

टेक्सासमधल्या उवाल्डेच्या शाळेत 24 मे 2022 ला गोळीबारात 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर टेक्सासनं कायदा केला, 'हाऊस बिल 3'. 1 सप्टेंबर 2023 पासून प्रत्येक शाळेत, शाळेच्या वेळात, किमान एक सशस्त्र अधिकारी हवाच, आणि तो पोलीस असावा. पैसे किंवा माणसं नसतील तर शाळा-मंडळ अपवाद घेऊ शकतं. 2023 मध्ये राज्याकडून मिळणार होते शाळेमागे वर्षाला 15,000 डॉलर. एवढ्यात कुठला पोलीस येतो? आमच्या मंडळानंही अपवादच घेतला: पोलिसाऐवजी शाळेतलेच प्रशिक्षित कर्मचारी. कोण, ते गुप्त.

माझी लेक तिसरीत. मी ऑफिसात फोन केला. "त्यावर बोलता येत नाही." ईमेल केला, तर उत्तर आलं, ऑफिसात फोन करा!

मग एका रात्री भांडी आवरून कायदाच वाचायला बसले. एज्युकेशन कोड, कलम 37.0811: पालकानं लेखी विचारलं, तर शाळेत कुणी 'स्कूल मार्शल' (बंदूक बाळगणारा, खास नेमलेला कर्मचारी) नेमलाय की नाही, हे लेखी कळवावंच लागतं. नाव मात्र सांगायचं नाही. कलमाचा आकडा घालून पुन्हा लिहिलं. नऊ दिवसांनी दोन ओळींचं पत्र आलं. होय, नेमणूक आहे. याहून जास्त माहिती देता येत नाही.

हुश्श केलं, आणि मग लक्षात आलं की हे कलम फक्त मार्शलपुरतं आहे. मार्शलला 80 तासांचं प्रशिक्षण आणि मानसिक चाचणी लागते. दुसरा प्रकार मंडळाच्या परवानगीनं बंदूक बाळगणाऱ्यांचा, ज्यांना इथं 'गार्डियन' म्हणतात. त्यांचा शाळा-सुरक्षेचा कोर्स 15 ते 20 तासांचा. तेही आमच्याकडे आहेत का, हे पत्रावरून कळायला मार्ग नव्हता.

मंडळाच्या बैठकीत नाव नोंदवलं. तीन मिनिटं मिळाली, समोर हिरवा-पिवळा-लाल दिवा. माझं इंग्रजी घाबरल्यावर सातारी होतं, तरी गार्डियनही आहेत का, हे विचारलं. अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढचं नाव पुकारलं. विषयपत्रिकेवर नसलेल्या मुद्द्यावर मंडळाला चर्चा करता येत नाही म्हणे.

परवा शाळा सुटताना गाड्यांच्या रांगेत होते. लायब्ररीतल्या बाईंनी हात हलवला, मीही हलवला. उकाडा मरणाचा, आणि त्यांच्या अंगात सैलसर स्वेटर. माझी नजर त्यांच्या कमरेवर गेली.