बॉनेटवरची जाळी

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी गॅरेजचं शटर वर केलं तर दारात काळी होंडा सिटी उभी. गाडी पाहिल्यासारखी वाटली, पण कुठं ते आठवेना. आतून पंचविशीतला एक मुलगा उतरला, पलीकडच्या दारानं त्याचे वडील. मुलानं पायाखालचा कागद ओढून माझ्यापुढं धरला. गाडी तयार झाली की पायाशी घालतो तो, आमच्या गॅरेजचं नाव छापलेला कागद.

"दादा, दसऱ्याला घेतली गाडी. ह्या कागदावरनं तुमचा पत्ता मिळाला. तेव्हा आरशासारखी होती बघा. आधी केली होती तशीच करून द्या."

कोल्हापुरातलं नोव्हेंबरचं ऊन तिरपं पडतं. त्या उन्हात बॉनेटवर सूर्याभोवती गोल गोल कोळ्याची जाळी उमटली होती. बारीक ओरखडे असतात सगळ्या दिशांना, पण उजेडाच्या ठिपक्याभोवती वळलेले तेवढेच चमकतात, म्हणून जाळी गोल दिसते. ती जाळी बघितली आणि गाडी आठवली. दसऱ्याच्या तीन दिवस आधी मीच तिच्यावरचे ओरखडे झाकले होते.

जुन्या गाड्यांच्या एका यार्डातून आली होती. यार्डातली पोरं रोज सकाळी कोरड्या फडक्यानं गाड्यांवरची धूळ झटकतात. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं जात असतात, मातीचे कण बॉनेटवर बसलेले असतात, आणि कोरडा फडका म्हणजे त्या कणांवर फिरवलेला पॉलिश पेपरच. त्यात बोअरचं क्षाराचं पाणी. यार्डाच्या मालकांनी फोनवर सांगितलं होतं, "भावा, दसऱ्याला गिऱ्हाईक गाडी बघायला येणार हाय. नुसती झळकाय पाहिजे. लई खर्च नको." मी दोन हजार घेतले आणि एका दुपारीत ग्लेझ मारून गाडी दिली.

ग्लेझ म्हणजे काय, हे आमच्याकडं येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. पॉलिश रंगाचा वरचा बारीक पापुद्रा खरवडून ओरखडा मुळातून काढतं. ग्लेझ काहीच काढत नाही. त्यातलं तेल आणि केओलिनसारखी मऊ माती ओरखड्याच्या खाचेत जाऊन बसते, खाचेच्या कडेवर उजेड फुटायचा थांबतो आणि पृष्ठभाग सलग दिसायला लागतो. पंचगंगेतला गोटा पाण्यात काळाभोर दिसतो आणि वाळला की राखाडी, अगदी तसंच. गोटा तोच असतो. त्या मुलानं महिनाभरात गाडी चार वेळा वॉशिंग सेंटरला लावली होती. तिथल्या कडक शाम्पूनं तेल धुऊन गेलं आणि खाच उघडी पडली.

तो मुलगा भांडायला आला असता तर मला सोपं गेलं असतं. तो विश्वासानं आला होता. वडील बॉनेटवर तळवा फिरवत म्हणाले, "रंग तर चांगला आहे हो. आमच्याच धुण्यात काहीतरी चुकलं असेल." हे वाक्य मला ऐकवेना. मी दोघांना आत बसवलं, चहा सांगितला आणि जे केलं होतं ते सगळं सांगितलं. हे ओरखडे दसऱ्याच्या आधीपासूनचे आहेत, मी ते झाकले, काढले नाहीत, आणि गाडी विकायला चालली आहे हे मला माहीत होतं. वडिलांनी कप खाली ठेवला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग मुलानं विचारलं, "मग आता काढता येतील का?"

मी रंगाची जाडी मोजायचं गेज आणलं. कंपनीतून निघालेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन थर असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात क्लिअर फक्त ४० च्या आसपास, आणि चकाकी सगळी त्याच्यावर. छतावर ११८ आलं, दारांवर ११२, ११५. बॉनेटवर टेकवलं तर ८६. सरकवलं, ८३. पुढच्या कडेजवळ ७४. कुणीतरी आधीच दोन-तीन वेळा रोटरी मशीननं जोरात रबिंग करून क्लिअर खाऊन टाकलं होतं. त्यावर पुन्हा कंपाउंड, म्हणजे जाडं पॉलिश, फिरवलं तर आणखी दोन-चार मायक्रॉन जाणार. क्लिअर असं पातळ झालं की उन्हात ते मरतं. आधी पांढुरके चट्टे पडतात, मग पापुद्रे सुटतात, आणि शेवटी बॉनेट नव्यानं रंगवण्यावाचून दुसरा उपाय राहत नाही.

म्हणजे ज्या ग्लेझमुळं माझी मान खाली गेली होती, तेच या बॉनेटला योग्य होतं. दारं आणि छतावर पॉलिशला वाव होता, बॉनेटवर नव्हता. हे मी त्यांना आकड्यांसकट दाखवलं. वडिलांना आकडे पटकन कळले. ते म्हणाले, "नांगरून नांगरून वरची माती संपल्यासारखं आहे की हे." बरोबर तसंच.

मग बॉनेटच्या मधोमध उभी टेप मारली. डावा अर्धा भाग तसाच ठेवला आणि उजव्यावर काम केलं, म्हणजे दोघांना डोळ्यांनी फरक दिसावा. दोन बादल्यांनी धुणं, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची. मग क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी. प्लास्टिकची पिशवी हातात घालून रंगावरून बोटं फिरवली की खरखर कळते, ती पूर्ण जाईपर्यंत क्ले. मग मऊ काळ्या फोमच्या पॅडवर अगदी बारीक फिनिशिंग पॉलिश, डीए मशीनवर, म्हणजे रोटरीपेक्षा कमी खाणाऱ्या, डुलत फिरणाऱ्या मशीनवर, एकच फेरी. ते ओरखड्यांसाठी नव्हतं, नुसता धुरकटपणा जावा म्हणून. मग अर्धं पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घेतलं. तेलाचा अंश राहिला की डोळा फसतो. पुसल्यावर जाळी स्पष्ट दिसली. मुलाला बोलावून टॉर्चच्या उजेडात ती दाखवली. "हे खरं बॉनेट. आता झाकतो, तुमच्यासमोर."

माझ्या फळीवर तेव्हा तीन प्रकारचं ग्लेझ होतं. एक निव्वळ तेलाचं. ते खाच फारशी भरत नाही, पण काळ्या रंगाला ओलसर खोली देतं. दुसरं भरणारं, मातीचा अंश असलेलं, गडद रंगांसाठीचं. तिसरं पॉलिमरचं. ते जरा जास्त टिकतं, पण काळ्यावर मला ते काचेसारखं कोरडं वाटतं. पांढऱ्या नाहीतर चंदेरी गाडीवर मी तेच वापरतो, कारण तेलकट थराखाली धातूची चमचम मंदावते. या बॉनेटवर आधी भरणारं, त्यावर तेलाचं असं ठरवलं. पहिलं ग्लेझ मशीनवर हळू फिरवून खाचांत बसवलं, पंधरा मिनिटं वाळू दिलं, मायक्रोफायबरनं उचललं. दुसरं मात्र हातानंच. नवीन पोरं इथं चुकतात. दुसरा थर दाबून घासला तर त्यातलं तेल पहिल्या थरातली भर सोडवून बाहेर काढतं, आणि दोन थर लावूनही एकाचाच गुण उरतो. हातात पंजाच्या वजनाहून जास्त जोर नको.

हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं. ते मूळचे फर्निचर पॉलिशवाले. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये भिजवून, सुती कापडाच्या पुरचुंडीनं शिसवी कपाटावर पातळ पातळ हात द्यायचे. थर डोळ्याला दिसला म्हणजे जाड झाला, असं म्हणायचे. पुढं वाचनात आलं की गाड्यांच्या पॉलिशमधली मेग्वायर्स ही अमेरिकन कंपनीही १९०१ साली फर्निचरच्या पॉलिशपासूनच सुरू झाली. ते वाचून फार आनंद झाला होता. लाकडावरचा हात असाच पत्र्यावर आला.

ग्लेझवर कवच लागतंच, त्याला स्वतःला पाण्यापुढं दम नाही. मुलानं सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे रंगावर घट्ट बसणाऱ्या कडक थराचं, विचारलं. यूट्यूबवर पाहिलं होतं त्यानं. मी नको म्हणालो. कोटिंगला रंगाला थेट चिकटावं लागतं, मध्ये तेल असलं की ते धरत नाही. तेलावर मेण चालतं. ब्राझीलच्या ईशान्य भागात कारनौबा नावाचा ताड होतो, त्याच्या पानांवरचं मेण. ८२ अंशांच्या पुढं वितळतं, म्हणून आपल्या उन्हात टिकतं. ते पातळ लावलं आणि रात्रभर तसंच ठेवायचं ठरवलं.

टेप काढली तेव्हा वडील बाकावरून उठून आले. डावीकडं करडा, थकलेला काळा. उजवीकडं विहिरीच्या पाण्यासारखा काळा, त्यात गॅरेजचे पत्रे आणि त्यांची स्वतःची टोपी. ते वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "आणि हे किती दिवस?"

"मेणासकट दोन महिने धरा. साध्या शाम्पूनं घरी धुतली तर. मग परत या, परत लावू. पण बॉनेटवर कुणालाही रबिंगचं मशीन लावू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी डावी बाजूही केली, दारांना आणि छताला नीट पॉलिश करून जाळी मुळातून काढली, मेणाचा दुसरा हात दिला. पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं होतं. वडिलांनी ऐकलं नाही. "चुकीचं तुम्ही कबूल केलंत, कामाचं घ्या," म्हणाले. मी मेणाचे आणि पॉलिशचे तेवढे घेतले. बॉनेटवर कुठं किती मायक्रॉन आहेत ते एका कागदावर लिहून दिलं. मुलानं तो आरसीच्या पाकिटात ठेवला.

त्याच आठवड्यात मी बिलाचं नवीन पुस्तक छापून घेतलं. त्यात खाली एक ओळ आहे: "या गाडीवर ग्लेझ केले आहे. ओरखडे झाकले आहेत, काढलेले नाहीत." यार्डाकडून पुढं दोन गाड्या आल्या. बिलावरची ओळ वाचून मालकांचा फोन आला, ती खोडून दे म्हणाले. मी नाही म्हणालो. एक गाडी त्यांनी काम न करताच परत नेली, दुसरी ठेवली.