आरोपीचा वकील

‘अशा माणसाचे वकीलपत्र घेतेसच कशी?’ हा प्रश्न मला नातेवाइकांच्या लग्नातही विचारला जातो. उत्तरादाखल मी मध्य प्रदेशातील खांडव्याचा खटला सांगते. २०१३ मध्ये एका बालिकेवरील बलात्कार व हत्येच्या या खटल्यात ज्या दिवशी आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळाला, त्याच दिवशी आरोपनिश्चिती झाली आणि पंधरवड्याच्या आत फाशी सुनावली गेली. वकिलाने कागद वाचले तरी कधी असतील? १८ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. फाशी वा जन्मठेपेची शक्यता असलेल्या खटल्यांत किमान दहा वर्षांच्या अनुभवाचाच वकील नेमावा आणि त्याला तयारीसाठी साधारणतः किमान सात दिवस द्यावेत, असेही बजावले. २०२४ मध्ये तो आरोपी निर्दोष सुटला.

पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम २९ नुसार गंभीर गुन्ह्यांत न्यायालय आरोपीला दोषी गृहीत धरते व ते खोडून काढण्याचा भार त्याच्यावर येतो, त्यामुळे तेथे नवख्या वकिलाचे काम नाही. मात्र पीडितेच्या पूर्वायुष्यावर चिखलफेक म्हणजे बचाव नव्हे. कायद्यानेही तसे प्रश्न निषिद्ध ठरवले आहेत, आणि माझ्याही उलटतपासणीत त्यांना जागा नाही.