सुईसारखा दाणा

शनिवारी रात्री अडीचच्या सुमाराला पॅन हाऊसमधला पोरगा धावत लॅबमध्ये आला. "मामांनी आत्ताच्या आत्ता वर बोलावलंय." मामा म्हणजे आमचे पॅनमन; पाक आटवून साखरेचा दाणा धरायचं मोठं भांडं म्हणजे पॅन. तीसेक हंगाम त्यांनी पॅन चालवलाय आणि लॅबवाल्यांना ते उगाच कधी वर बोलावत नाहीत. मी गेलो. त्यांनी काचेच्या पट्टीवर थोडं मॅसेक्विट, म्हणजे दाणा धरलेला दाट पाक, ओढलं, दिव्यापुढं धरलं आणि म्हणाले, "सायेब, ह्यो दाणा बघा."

साखरेचा चांगला दाणा ठसठशीत असतो, बाजू नीट, कडा धारदार. त्या पट्टीवरचे दाणे लांबुळके होते, सुईचे तुकडे पसरावेत तसे.

"तीन तासांचा पॅन, पाच तास झाले, अजून उतरंना. आणि तुमची लॅब म्हणती रस चांगला हाय. कुठला चांगला?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरंच, दिवसभराचे आकडे ठीक होते. प्युरिटी, म्हणजे रसात विरघळलेल्या सगळ्यात साखरेचा वाटा, नेहमीपेक्षा एखाद्या टक्क्यानं खाली, एवढंच.

मी सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात लॅब केमिस्ट आहे. ही गोष्ट २०२१-२२ च्या गळीत हंगामातली. त्या वर्षीचा ऊस आधीच मार खाऊन आला होता. २०१९ च्या महापुराला दोन वर्षं होतात न होतात तोच जुलै २०२१ मध्ये कृष्णेनं सांगलीत आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोका पातळी पुन्हा ओलांडली. नदीकाठच्या रानात ऊस शेंड्यापर्यंत बुडाला. शेंडा कुजला की ऊस वाढायचा थांबतो, डोळे फुटून पांगशा येतात आणि कांडीत साठलेली साखर त्या पांगशा पोसण्यात खर्च होते. हे आम्हाला ठाऊक होतं, त्याची तयारीही होती. तयारी नव्हती ती डिसेंबरच्या पावसाची.

१ डिसेंबर, बुधवार. सकाळपासून लागलेला पाऊस दुसऱ्या दिवशीही थांबला नाही. तासगावकडच्या द्राक्षबागांचं काय झालं ते सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. उसाचं काय होतं ते सहसा कुणी लिहीत नाही, कारण उभा ऊस पावसानं पडला तरी मरत नाही. मरतो तो तोडलेला ऊस. मंगळवारी तोडलेल्या मोळ्या फडातच राहिल्या, ट्रॅक्टर चिखलात रुतले, बैलगाड्या बांधावरून हलेनात. टोळ्यांच्या कोप्यांत पाणी शिरलं. लेकरंबाळं घेऊन काही कुटुंबं आमच्या जुन्या गोडाऊनमध्ये आली. त्या थंडीत भिजलेल्या बायका कारखान्याच्या गरम भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. उताऱ्याची, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते त्याची, चिंता करताना ते चित्र माझ्या डोळ्यासमोरून हलत नव्हतं.

पावसात कारखाना कसा अडतो ते बाहेरच्या माणसाला लवकर उमगत नाही. आमचं इंधन म्हणजे बगॅस, रस काढून उरलेला उसाचा चोथा. मिलमधून निघतो तेव्हाही त्यात निम्मं पाणीच असतं, आणि तेवढ्यावर बॉयलर बरोबर चालतो. पाणी चार-पाच टक्क्यांनी वाढलं की भट्टीतली आग आधी ते पाणी उडवण्यातच दमते. प्रेशर पडतं. वाफ कमी, म्हणून मिल हळू. मिल हळू, म्हणून नवा बगॅस कमी. मग साठ्यातला बगॅस ओढायचा, तर तोही ताडपत्रीखालून भिजलेला. वर उसाबरोबर चिखल येतो, त्यातली वाळू रोलर खाते आणि राख भट्टीत बसते. गुरुवारी आम्ही चौदा तास बंद होतो. शुक्रवारी दोनदा थांबलो. जळाऊ लाकूड आणून कसाबसा बॉयलर तगवला.

मिल थांबली की माणसं थांबतात, बाकी काही थांबत नाही. टाकीत रस असतो, क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे रस निवळायच्या टाकीत, रस असतो, मिलखालच्या पन्हाळींत रस असतो. नुसता उसाचा रस साधारण ५.३ पीएचचा, म्हणजे आंबटच. साखरेच्या रेणूला पाणी आणि आम्ल मिळालं की तो फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो. पीएच एकानं खाली गेला की फुटण्याचा वेग दहा पट होतो. गरम असेल तर आणखी जोर. म्हणून बंदच्या काळात क्लॅरिफायरमधल्या रसाला चुना देऊन पीएच वर ठेवायचा. पण फार वर नेला तर ग्लुकोज जळून रंग धरतो आणि साखर पिवळी पडते. गार होऊ दिला तर जंतू येतात, गरम ठेवायचा तर वाफ नाही. त्या चौदा तासांत मी आणि माझा जोडीदार दर अर्ध्या तासाला पीएच बघत होतो. तिथं आम्ही कमी पडलो नाही, असं मी आजही ठामपणे म्हणेन. कमी पडलो ते दुसरीकडं.

शनिवारी दुपारपासूनच चुना जास्त लागत होता. मिक्स्ड ज्यूसचा, म्हणजे मिलमधून आलेल्या एकत्र रसाचा, पीएच ५ च्याही खाली गेला होता. मी रजिस्टरमध्ये तो आकडा स्वतःच्या हातानं लिहिला आणि पुढं गेलो. रस आंबट होतोय म्हणजे कुणीतरी त्यात आम्ल तयार करतंय, हे मला तिथंच वाचता यायला हवं होतं.

मामांच्या पट्टीवरचा दाणा बघून खाली आलो ते थेट मिलकडं. टॉर्च घेऊन पहिल्या मिलखालच्या पन्हाळीत हात घातला. कोपऱ्यात थुलथुलीत, बेडकाच्या अंड्यांसारखा चिकट गोळा हाताला लागला. पुस्तकात वाचलं होतं, हातात पहिल्यांदाच घेतलं. ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस. १८७८ साली व्हॅन टिघेम यांनी या जंतूला हे नाव दिलं. मातीत आणि उसाच्या पाचटावर तो असतोच. कोयत्यानं तोडलेल्या टोकातून आत शिरतो, चिखल आणि ओल मिळाली की तासांच्या हिशेबानं वाढतो. साखर फोडून त्यातल्या ग्लुकोजची लांबच लांब साखळी विणतो. ती साखळी म्हणजे डेक्स्ट्रान. रक्त गेलेल्या रुग्णाला शिरेतून देतात त्या डेक्स्ट्रानचीही हीच जात. दवाखान्यात जीव वाचवणारी वस्तू आमच्या पॅनमध्ये आली की रस चिकट होतो, उकळी मंदावते, आणि ती दाण्याच्या बाजूंना चिकटून त्याला एकाच दिशेनं लांब वाढवते. मामांच्या पट्टीवर तेच दिसत होतं.

पण मग साखरेचा आकडा देणारा पोलरीमीटर गप्प का होता? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचत होता, कारण त्या आकड्यावर माझी सही होती.

पोलरीमीटर साखर मोजत नाही. रसातून जाणारा प्रकाश किती वळला, एवढंच तो सांगतो, आणि तो साखरेनंच वळवला असं आपण धरून चालतो. उसाची साखर प्रकाश उजवीकडं वळवते. फुटलेल्या साखरेचं मिश्रण डावीकडं. डेक्स्ट्रान पुन्हा उजवीकडं, आणि तेही साखरेच्या तिप्पट. म्हणजे रसात एक भाग डेक्स्ट्रान आला तर यंत्र तीन भाग साखर असल्याचं दाखवणार. त्या दिवशी एकीकडं साखर फुटून आकडा खाली जात होता आणि दुसरीकडं डेक्स्ट्रान तो वर उचलत होतं. दोन खोटी एकमेकांना झाकत होती आणि मधोमध एक सभ्य, विश्वासार्ह आकडा उभा होता. मामांनी दाणा बघितला नसता तर आम्ही सकाळपर्यंत त्याच आकड्यावर चाललो असतो.

खात्री करायची होती. यार्डातून दोन नमुने काढले. एक त्याच संध्याकाळी तोडून आलेल्या उसाचा, एक मंगळवारच्या मोळीचा. दोन्ही रसांतली प्रथिनं आम्लानं खाली बसवून गाळून घेतली आणि दोन परीक्षानळ्यांत स्पिरिट घातलं. ताज्या रसाची नळी जवळजवळ स्वच्छ राहिली. मंगळवारच्या नळीत ताक ओतल्यासारखं पांढरट धुकं उतरलं; ते डेक्स्ट्रान. फेहलिंगच्या द्रावणानं बघितलं तर फुटलेली साखरही ताज्याच्या चौपट. चीफ केमिस्ट साहेबांना पहाटे चारला फोन केला. ते लुंगीवरच आले. नळ्यांकडं बघून एवढंच म्हणाले, "आधी मिल धुवा. बाकीचं नंतर."

मिल थांबवून पन्हाळी वाफेनं आणि उकळत्या पाण्यानं धुतल्या, चाळणीखालचा गाळ खरवडून काढला, ब्लीचिंग पावडर मारली. रसाच्या टाकीची पातळी अगदी खाली ठेवायची, रस कुठंही थांबता कामा नये, असं ठरलं. मंगळवार-बुधवारचा ऊस वेगळ्या रांगेत काढून थोडा थोडा ताज्या उसात मिसळून मिलच्या गव्हाणीत टाकायचा. एकदम टाकला तर पॅन पुन्हा अडणार.

या शेवटच्या निर्णयानं मला यार्डात जावं लागलं. वेगळ्या रांगेत काढलेल्यांत एका आबांची ट्रॉली होती. सत्तरीचा माणूस, रात्रभर ट्रॉलीखाली पोतं अंथरून पडलेला.

"माझं वाहन मागं का वढलं ओ? शनवारी दुपारपस्नं नंबरात हाय मी."

मी सांगितलं, ऊस शिळा झालाय, आंबायला लागलाय.

"शिळा मी केला व्हय? अडसाली हाय, शहाऐंशी शून्य बत्तीस जातीचा. पुरातनं वाचवलेला. दीड वर्सं सांभाळला आन् चार दिवसांत शिळा?"

त्यांनी मोळीतली एक कांडी ओढली, गुडघ्यावर मोडली आणि नाकाशी नेली. मग काही न बोलता ती माझ्या हातात दिली. टोकाशी तांबूस पट्टा होता आणि वास ताडीसारखा.

त्या हंगामात १० टक्के उताऱ्याला टनाला २९०० रुपये एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, होती, आणि त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २९ रुपये. उतारा सगळ्या उसाचा मिळून निघतो. म्हणजे आबांच्या मोळीत जंतूनं खाल्लेली साखर शेवटी सगळ्या सभासदांच्या खिशातून जाते, आणि आबांचा त्यात काडीचा दोष नाही. हे मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग गोडी गेली कुठं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "आबा, तिचा डिंक झाला."

त्यांची ट्रॉली सकाळी साडेआठला खाली झाली. मी काट्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो.

सोमवारी दाणा सुधारला, मामांनी पट्टी दाखवायला मुद्दाम माणूस पाठवला. पण डेक्स्ट्रान एकदा घरात आलं की लगेच जात नाही. साखर ए, बी आणि सी अशा तीन टप्प्यांत काढतात; ए मॅसेक्विटमधून सुटलेला पाक बीमध्ये जातो, बीचा सीमध्ये, आणि डिंक त्याच्याबरोबर फिरत राहतो. दाणा आणि पाक वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्युगलवर पाक सुटायला वेळ लागत होता, शेवटी उरणाऱ्या काळ्या पाकाची, म्हणजे मोलॅसिसची, प्युरिटी पुढचे दहा-बारा दिवस चढीच राहिली. जेवढी प्युरिटी चढी, तेवढी साखर पोत्यात जाण्याऐवजी टाकीत गेलेली. मी दैनिक रिपोर्टात एक रकाना वाढवून घेतला: तोडणीची तारीख आणि वेळ. फडात तोडणीच्या स्लिपा लिहिणाऱ्या स्लिपबॉयनी सुरुवातीला कुरकुर केली, चिखलात उभं राहून आणखी एक गोष्ट लिहायची म्हणून. नंतर लिहायला लागले.

डिसेंबरच्या मध्याला डिस्टिलरीचा टँकर मोलॅसिस भरायला आला. झडप उघडल्यावर ते नेहमीसारखं धो धो पडलं नाही. काळी, जाड तार धरून संथ उतरत राहिलं. ड्रायव्हर म्हणाला, "थंडीनं घट्ट झालंय." मी तारेखाली बाटली धरून नमुना घेतला आणि लॅबकडं वळलो.