तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या मोठ्या सिनेमात अशा चुका राहतात कशा?

"एवढा पैसा ओतला, सेटवर शे-दोनशे माणसं होती, तरी ही चूक कुणालाच दिसली नाही?" भयपट, सायफाय किंवा मारधाडीच्या सिनेमांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. सोबत एक स्क्रीनशॉट असतो आणि त्यावर लाल गोल काढलेला असतो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. दिसली होती. बहुतेक चुका कुणीतरी पाहिलेल्या असतात, पुष्कळदा त्याच दिवशी लिहूनही ठेवलेल्या असतात. हॉलिवूडमध्ये या कामासाठी स्क्रिप्ट सुपरवायझर नावाचा स्वतंत्र माणूस असतो. आपल्याकडे बरेचदा ते एखाद्या सहायक दिग्दर्शकाच्या गळ्यात पडतं. दोन माणसांचा साधा संवादसुद्धा तुकड्यातुकड्यांत चित्रित होतो. आधी मास्टर (सगळा प्रसंग एकत्र दाखवणारा शॉट), मग एकाचे क्लोजअप, मग सगळे लाइट उलट्या बाजूला फिरवून दुसऱ्याचे. या फिरवाफिरवीत सहज तासभर जातो. तेवढ्यात ग्लासातलं सरबत कमी होतं, सिगारेट विझते, कुणीतरी घाम पुसताना नटाचे केस नीट करून जातं. म्हणून नोंदी ठेवायच्या: हात कुठल्या शब्दावर उचलला, ग्लास किती भरला होता, वरची किती बटणं उघडी होती, केस कुठल्या खांद्यावर होते. जोडीला फोटो. पूर्वी पोलरॉइड काढायचे, आता टॅबवर काम भागतं.

पण या नोंदी शेवटी जातात संकलकाकडे, आणि त्याचा हिशेब वेगळा असतो. 'अपोकॅलिप्स नाऊ'चे संकलक वॉल्टर मर्च यांनी तो हिशेब चक्क टक्केवारीत मांडून ठेवलाय. कट कुठे मारायचा हे ठरवताना भावनेला 51 टक्के वजन, कथेला 23, लयीला 10, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे याला 7, मग चौकटीच्या सपाट रचनेला 5 आणि सगळ्यात शेवटी, प्रत्यक्ष जागेत कोण कुठे आहे याच्या सातत्याला 4. टेक चारमध्ये नटी खरोखर रडली, पण ओढणी उलट्या खांद्यावर राहिली, तर टेक चारच लागणार. माझ्या मते तोच लागायला हवा.

त्यातले नजरेचे 7 टक्के फार कामाचे आहेत. 1977च्या 'स्टार वॉर्स'मध्ये नियंत्रण कक्षात घुसताना एका स्टॉर्मट्रूपरचं (पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकाचं) डोकं दाराला आपटतं. थिएटरात बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण नजर भलतीकडे होती. घरोघरी व्हिडिओ आला, पॉजचं बटण आलं, आणि ती टक्कर जगप्रसिद्ध झाली. 2004च्या डीव्हीडीत तिथे ठक्क असा आवाजही घातला गेला. त्याआधी 2002च्या 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मध्ये जँगो फेट या भाडोत्री शिकाऱ्याचं डोकं जाणूनबुजून दाराला आपटवलं होतं. स्टॉर्मट्रूपरांच्या आधीचे सैनिक त्याचेच क्लोन (जनुकीय नकला), तेव्हा खोड आनुवंशिक!

याच जातीच्या सिनेमांत चुका जास्त का, यालाही कारण आहे. कौटुंबिक नाटकात कप पुन्हा भरता येतो. इथे करामत एकाच कोनातून खरी वाटते, आणि पुष्कळदा एकदाच करता येते. 'एलियन्स'मध्ये (1986) बिशप हा यंत्रमानव कमरेतून फाटतो. लान्स हेन्रिक्सन यांचं अर्धं शरीर जमिनीतल्या भोकात होतं आणि वर कमरेपाशी नकली तुकडा जोडलेला. घसरत जाणाऱ्या मुलीला पकडायला तो हात लांबवतो, शरीर जरा सरकतं, आणि ते भोक दिसतं. कॅमेरा वीतभर खाली असता तर दिसलं नसतं, पण मग मुलगीही नीट दिसली नसती.

रक्ताचं तर विचारूच नका. मेकअपमधले गुरू मानले गेलेले डिक स्मिथ यांची कृती पुढे अनेकांनी वापरली. साधारण 1 लिटर पांढरं कॉर्न सिरप, 60 मिली लाल खायचा रंग, 5 छोटे चमचे पिवळा रंग, टिकण्यासाठी 1 चमचा मिथाइल पॅराबेन, पारदर्शकपणा घालवायला झिंक ऑक्साइड, आणि कापडात नीट मुरावं म्हणून फिल्म धुताना वापरतात ते फोटो-फ्लो. हे शेवटचं विषारी, त्यामुळे तोंडातून येणाऱ्या रक्तात ते घालायचं नाही. पिवळा विसरलात तर रक्त गुलाबी सरबतासारखं दिसतं. आता गंमत अशी की हे सिरप दिव्यांच्या उष्णतेत सुकतं, गडद होतं, चिकटतं. सकाळी दहाच्या शॉटमधला डाग दुपारी तीनला वेगळ्याच छटेचा दिसतो. त्यावर पुन्हा ताजं ओतलं तर आकार बदलतो. म्हणून एकाच शर्टाचे चार-सहा जोड ठेवतात आणि डागाचा फोटो बघून प्रत्येकावर तोच नकाशा रंगवतात. ज्यांच्याकडे तेवढे पैसे नसतात त्यांचं काय होतं ते 'द इव्हिल डेड'मध्ये (1981) बघा. ब्रूस कॅम्पबेल यांचा शर्ट सिरपने एवढा भरला होता की वाळल्यावर तो कडक होऊन मोडायलाच लागला. त्या सिनेमात बरीच मंडळी काम अर्धवट टाकून निघून गेली, तेव्हा पाठमोऱ्या आणि हातापायांच्या शॉटना दुसरीच माणसं उभी केली. लाल गोल काढणाऱ्यांसाठी पर्वणीच.

पाऊस ही दुसरी डोकेदुखी. पडद्यावरचा पाऊस दिसतो तो मागून लाइट असेल तरच. समोरून प्रकाश टाकला की थेंब गायब होतात. त्यामुळे नायकाच्या शॉटमध्ये धो धो आणि खलनायकाच्या शॉटमध्ये कोरडं, असं दिसलं तर बहुधा पाऊस दोन्हीकडे होता, लाइटची बाजू चुकली. टँकर आणि भोकं पाडलेल्या पाइपांचा पाऊस ठरावीक जागेतच पडतो, म्हणून मागचा रस्ता कोरडा दिसला की पाऊस भाड्याचा हे ओळखावं. आपल्या मातीतल्या 'तुंबाड'ने (2018) खऱ्या पावसासाठी एकाहून जास्त पावसाळे खर्ची घातले, आणि त्यातला ओलावा पाहून ते वाया गेले असं कुणी म्हणणार नाही.

'ज्युरासिक पार्क'मध्ये (1993) पाऊस आणि यंत्र एकत्र आले. टी-रेक्सचा पूर्णाकृती पुतळा जवळजवळ 4 टनांचा, वरची कातडी फोम रबराची. त्याच्या हालचाली कोरड्या वजनावर बेतलेल्या. पाणी पडलं तसं फोमने ते शोषलं, वजन वाढलं आणि अख्खं जनावर थरथरायला लागलं. दोन टेकच्या मध्ये माणसं टॉवेल आणि हेअर ड्रायर घेऊन डायनासोर वाळवत होती. त्याच प्रसंगातली भूगोलाची चूक सगळ्यांना पाठ आहे: ज्या कुंपणातून टी-रेक्स रस्त्यावर पाऊल टाकतो, तिथेच थोड्या वेळाने गाडी खोल दरीत कोसळते. ही नजरचूक म्हणणं अवघड आहे. आधी प्राणी रस्त्यावर यायला हवा होता, नंतर गाडी खाली पडायला हवी होती, आणि दोन्ही वेळा प्रेक्षकाने श्वास रोखलेला असतो. 'कमांडो'मधली (1985) पिवळी पोर्श मात्र पूर्णपणे नापास. एका बाजूला चेपलेली गाडी पुढच्या शॉटमध्ये नव्यासारखी चकचकीत! याला बचाव नाही.

काही चुका तर सिनेमावाल्यांच्या नसतातच. चौकटीच्या वरच्या कडेला लोंबणारा बूम माइक (लांब दांडीला लावलेला) घ्या. अनेक सिनेमे 35 मिमी फिल्मवर जवळजवळ चौकोनी चौकटीत टिपले जायचे आणि थिएटरात वरचा-खालचा भाग झाकून 1.85 च्या (रुंदी उंचीच्या 1.85 पट) आडव्या प्रमाणात दाखवले जायचे. कॅमेरा ऑपरेटर त्या आडव्या रेषांच्या आत काम करतो. बाहेर माइक असो की दिव्याचा स्टँड, त्याला फिकीर नाही. पुढे टीव्हीसाठी झाकलेला भाग उघडला की सगळा संसार उघड्यावर. थिएटरातल्या ऑपरेटरने चौकट वर-खाली बसवली तरी तेच. 'द शायनिंग'च्या (1980) सुरुवातीला डोंगररस्त्यावर हेलिकॉप्टरची सावली दिसते म्हणतात, ती मुख्यतः त्या उघड्या आवृत्तीमुळे गाजली. म्हणून चूक काढण्याआधी आपण कोणती आवृत्ती बघतोय ते तपासा.

चुका नंतर दुरुस्त कराव्यात का, हा पुढचा प्रश्न. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मध्ये (1981) हॅरिसन फोर्ड आणि नाग यांच्यामध्ये काच होती आणि काचेत नागाचं प्रतिबिंब पडलं. 2003च्या डीव्हीडीत ते पुसलं. ठीक आहे, कुणाचं बिघडलं नाही. पण दुरुस्तीचा सर्वांत विचारी नमुना म्हणजे 1982च्या 'ब्लेड रनर'ची 2007 सालची अंतिम आवृत्ती. मूळ सिनेमात झोरा नावाची रेप्लिकंट (माणसासारखी दिसणारी कृत्रिम व्यक्ती) काचा फोडत पळते तेव्हा ती स्टंट करणारी बाई आहे हे विगवरून सरळ कळायचं. एका स्त्रीच्या मरणाचा तो प्रसंग, आणि मरणारी व्यक्तीच दुसरी! पाव शतकानंतर जोआना कॅसिडी यांना पुन्हा बोलावून त्यांचा चेहरा त्या शॉटवर बसवला. सर्पविक्रेत्याच्या दृश्यात संवाद आणि ओठ जुळत नव्हते, तिथे फोर्ड यांच्या मुलाचं, बेन यांचं, तोंड आणि हनुवटी वापरली. उडत्या गाड्यांना धरणाऱ्या तारा पुसल्या. शेवटी कबुतर उडतं तेव्हा पावसाळी रात्रीत अचानक निळं आकाश दिसायचं, तेही काळवंडलं.

त्यातली गणिताची चूक मला जास्त आवडते. पोलीस प्रमुख म्हणतो सहा रेप्लिकंट पळाले, एक मेला. उरले पाच, पडद्यावर मात्र चारच. पाचवी व्यक्ती पटकथेत होती, ती भूमिका गळली, आणि संवाद तसाच राहिला. त्यावरून चाहत्यांनी पंचवीस वर्षं तर्क लढवले की पाचवा नायकच. 2007मध्ये 'एक'चे 'दोन मेले' झाले आणि हिशेब जुळला.

आणि काही 'चुका' निव्वळ अफवा असतात. 'द विझर्ड ऑफ ओझ'मध्ये (1939) झाडांमागे कुणीतरी गळफास घेताना दिसतो, ही त्यांतली सर्वांत चिवट. तो एक मोठा पक्षी आहे. सेट खुल्या रानासारखा वाटावा म्हणून लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयातून पक्षी आणून सोडले होते. स्वच्छ प्रतीत त्याने पंख पसरलेले नीट दिसतात. खरी गोष्ट दुसरीच. टिनच्या माणसाच्या भूमिकेत आधी बडी एब्सन होते. चेहऱ्यावरची अॅल्युमिनियमची पूड फुप्फुसात गेली, ते रुग्णालयात पोचले आणि भूमिका जॅक हेली यांच्याकडे गेली. त्यांच्यासाठी पुडीऐवजी लेप वापरला. एकत्र गायलेली गाणी मात्र आधीच ध्वनिमुद्रित झाली होती आणि ती पुन्हा केली नाहीत. त्यामुळे जादूगाराकडे निघालेली मंडळी गात चालतात तेव्हा पडद्यावर हेली असतात आणि त्या कोरसमध्ये आवाज एब्सन यांचा.