आमची वाटचाल: धायरीतलं गॅरेज, अण्णांचा टेस्ट लॅम्प आणि तो पिवळा दिवा

2005 च्या दसऱ्याला धायरी फाट्याच्या आत आम्ही शटर उघडलं. आम्ही म्हणजे मी आणि अण्णा. मी इंजिन फिटर, अण्णा वायरिंगवाले, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे, भोसरीत एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे उमेदवारी केलेले. जागा एका गाडीची, वर पत्रा, मध्ये आम्हीच खणलेला पिट, आणि अण्णांच्या खिशात त्यांचा टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरीत करंट येतोय का ते तपासायचा दिवा. हा लॅम्प त्यांनी स्वतः बनवलेला, जाड इंजेक्शनची सुई, बॉलपेनची नळी, आत 5 वॅटचा पार्किंगचा बल्ब आणि शेपटीला मगरीचा चिमटा. बाजारात एलईडीवाले स्वस्तात मिळतात पण अण्णा त्याला हात लावायचे नाहीत, कारण एलईडी नुसत्या नावाच्या करंटवरपण पेटतो, वायरीत खरंच दम आहे का ते बल्बलाच कळतं. हे मी आजही पोरांना सांगतो. मल्टिमीटरवर 12 व्होल्ट दिसले म्हणजे वायर चांगली असं नसतं, तिच्यावर लोड टाका आणि मग बघा.

त्यानंतरची सात-आठ वर्षं बरी गेली. झेन, सँट्रो, इंडिका, कंपनीच्या कॅब, पिटाच्या जागी रॅम्प आला, चार पोरं कामाला आली. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही.

सांगायचं आहे ते 2014 चं. आमचे एक डॉक्टरसाहेब आहेत, कोथरूडचे, भूलतज्ज्ञ, आता रिटायर झालेत. पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक, त्यांची झेन आमच्याकडेच म्हातारी झाली. त्यांनी लंडनहून परत आलेल्या मेहुण्याकडून 2001 ची ऑडी टीटी घेतली, पहिल्या पिढीची, ती गोल पाठीची, 1.8 टर्बो, 225 हॉर्सपॉवर, सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह म्हणजे चारांचे मिळून वीस. चंदेरी रंग, आतमध्ये ॲल्युमिनियमच्या गोल कड्या. पुण्याच्या रस्त्यावर ती गाडी उभी राहिली की लोक मागे वळून बघायचे. आम्ही तिचं एकच काम केलं होतं, बॅटरी बदलली होती. एवढं लक्षात ठेवा.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि मीटरवर पिवळा ऑइलचा कॅन, म्हणजे तेलाच्या दिव्याचं चिन्ह, यायला लागला. येतो, पाच मिनिटं राहतो, जातो. मग चार दिवस काही नाही. डॉक्टरसाहेब घाबरले आणि त्यांनी गाडी हायवेवरच्या एका मोठ्या मल्टिब्रँड वर्कशॉपला नेली, नाव घेत नाही, काचेचं ऑफिस, एसी वेटिंग. आमच्याकडे तेव्हा गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा धड स्कॅनर नव्हता त्यामुळे साहेबांना मी दोष देत नाही. तिथं त्यांनी स्कॅनर लावला, इंजिनच्या ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, कोड नाही, मग अर्धा लिटर ऑइल टाकून दिलं. आठवड्यात दिवा परत. मग तेलाची लेव्हल मोजणारा सेन्सर बाहेरून मागवून बदलला. परत दिवा. परत ऑइल, परत दुसरा सेन्सर. आणि शेवटी काय सांगितलं, तर ऑइल पंप कमजोर दिसतोय, इंजिन खोलावं लागेल, पावणेतीन लाख. आणि वर हे, की धायरीच्या गॅरेजवाल्यांनी बॅटरी बदलताना वायरिंगला हात लावला असणार, तिथूनच सगळं बिघडलं.

ते वाक्य तिथंच राहिलं असतं तर ठीक होतं. पण तिथले मॅनेजर आमच्या कॅबवाल्या कंपनीशी बोलले, जुन्या गाड्या ठेवणाऱ्या चार लोकांशी बोलले. जुलैत अकरा कॅब गेल्या. ऑगस्टमध्ये माझी दोन पोरं त्यांच्याकडे कामाला गेली, पगार जास्त होता, पोरांवर माझा राग नाही. पण ज्या कामाचा आमचा काडीचा संबंध नाही त्याचं खापर आमच्यावर फुटलं, आणि तीन महिन्यांचं भाडं थकलं, आणि गणपतीत घरी आरास नाही केली. अण्णा दिवसभर स्टुलावर बसून जुने स्टार्टर उघडायचे आणि परत बांधायचे, नुसते, काम नव्हतं म्हणून. माझ्या घरचे म्हणाले आता नोकरी बघा. मी बघतपण होतो, चाकणला दोन ठिकाणी बायोडेटा दिलेला.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब गाडी घेऊन आले. उतरले आणि सरळ विचारलं, "तुम्ही वायरिंगला हात लावला होता का?" मी म्हणालो नाही. अण्णा म्हणाले नाही. साहेब म्हणाले, "मग शोधून द्या. आणि हे पुढच्या वर्षीच्या सर्व्हिसिंगचे आत्ताच ठेवा." पाकिटात बरोबर तीन महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे होते. त्यांना कुणी सांगितलं ते मला आजपर्यंत माहीत नाही.

आता खरं काम सांगतो, जुनी गाडी ठेवणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

पहिलं, दिवा कुठला ते बघा. लाल कॅन म्हणजे प्रेशर, तिथल्या तिथं इंजिन बंद, घरापर्यंतसुद्धा जायचं नाही. पिवळा म्हणजे लेव्हलचं खातं, आणि ऑडीत पिवळ्या कॅनच्या खाली शब्द येतो, 'मिन' आला तर तेल कमी, 'सेन्सर' आला तर तेल नाही, मोजणारं यंत्र तक्रार करतंय. साहेबांनी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. 'सेन्सर'. तीन महिने तो शब्द डोळ्यांसमोर होता आणि ते लोक तेल ओतत होते! मी सपाट जागेवर, गरम इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबून तेल मोजायची पट्टी काढली तर तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. जास्त तेल हे कमी तेलाइतकंच वाईट, क्रँक त्यात घुसळतो, फेस होतो, धूर येतो. आधी ते काढलं. पट्टीच्या नळीचं नारिंगी प्लॅस्टिकचं नरसाळं कडक होऊन तुटलेलं होतं, या इंजिनांत हे हमखास होतं, तुकडे चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात, पडतात आणि तेल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीला जाऊन बसतात. ते बदलून घेतलं.

मग प्रेशर स्विच काढून तिथं काट्याचं गेज लावलं. गरम इंजिनला प्रेशर भरपूर. म्हणजे पंप बरा, पावणेतीन लाखांचं काम तिथंच संपलं. तरी मनात नको म्हणून चेंबरचं तेल उतरवलं, खालचा सेन्सर काढला, तीन बोल्ट असतात, आणि त्या भोकातून टॉर्च मारून बघितलं. 1.8 टर्बोला गाळ धरायची सवय असते पण आत स्वच्छ होतं.

आता तो सेन्सर. जुन्या गाड्यांत तरंगणारा फ्लोट असायचा, यात तसं नाही. यात आतला एलिमेंट थोडा तापवतात आणि थंड व्हायला किती वेळ लागतो ते मोजतात. तेलात बुडालेला असेल तर लवकर थंड होतो, उघडा पडला तर वेळ लागतो, त्यावरून लेव्हल. तीनच वायरी, प्लस, अर्थ आणि सिग्नल, आणि सिग्नल जातो सरळ मीटरच्या कन्सोलला, इंजिनच्या ईसीयूला नाही. म्हणून त्यांच्या स्कॅनरला कोड दिसला नाही, ते चुकीच्या घरात शोधत होते. मी मित्राकडून लॅपटॉप आणि केबल आणली, 17 नंबरचं मॉड्यूल म्हणजे मीटर उघडलं, आणि तिथं कोड बसलेला, 00562, ऑइल लेव्हल सेन्सर, आणि पुढं लिहिलेलं की अधूनमधून.

अधूनमधून. हा शब्द आला की पार्ट बदलायचे नसतात, वही काढायची असते. मी साहेबांना सांगितलं, दोन आठवडे गाडी चालवा आणि दिवा आला की लिहा. भूलतज्ज्ञच ते, पेशंटचा चार्ट ठेवतात तशी वही ठेवली, तारीख, वेळ, किती मिनिटं चालली, रस्ता कसा, पाऊस होता का. चौदा नोंदी. एक्सप्रेसवेवर एकदाही नाही. सिंहगड रोडच्या खड्ड्यांत पाच वेळा, कात्रजच्या जुन्या घाटात चार वेळा, आणि प्रत्येक वेळी गाडी वीस मिनिटं तापल्यावर. म्हणजे उष्णता आणि हादरा. खड्डा लागला म्हणून गाडीतलं तेल कमी होत नाही हो, झालं असतं तर गाडीखाली डबकं दिसलं असतं. हादऱ्याने जागा सोडते ती वायर.

त्या शनिवारी शटर अर्धं ओढून गाडी रॅम्पवर घेतली. अण्णांनी आयुष्यभराच्या बचतीतून जुना दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप, म्हणजे वायरीतला सिग्नल स्क्रीनवर रेघेत दाखवणारं यंत्र, घेतला होता, तो लावला, सिग्नलच्या वायरीवर मागून बारीक पिन सारून. मल्टिमीटर इथं चालत नाही, तो सरासरी दाखवतो, अर्ध्या सेकंदाचा तुटका सिग्नल तो गिळून टाकतो. स्क्रीनवर चौकोनी पल्स एकसारखे चालले होते. इंजिन तापवलं. साहेब वर ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले, मीटरकडे बघत, अण्णा खाली हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, हात लावून, इंच इंच हलवत मीटरकडून खाली येताहेत. अर्धा तास काही नाही. मग सेन्सरच्या कपलरच्या, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगच्या, मानेपाशी अण्णांची बोटं आली आणि स्क्रीनवरचे पल्स गायब झाले, नुसती सरळ रेघ. थोड्या वेळाने वरून साहेब ओरडले, "आला!" अण्णांनी बोट काढलं. पल्स परत. थोड्या वेळाने, "गेला!" असं सहा वेळा केलं. सहाव्यांदा अण्णा हसायला लागले, चार महिन्यांत पहिल्यांदा.

इंजिन बंद केलं आणि अण्णांनी मला ती तपकिरी वायर दाखवली. बाहेरून धडधाकट, कुठं चीर नाही. दोन बोटांत धरून हलकी ओढली तर रबरासारखी लांबली. तांबं असं लांबत नाही. म्हणजे वरचं कातडं शाबूत आणि आत तांबं तुटलेलं, दोन टोकं एकमेकांना टेकलेली, थंड असताना टेकून राहतात, तापलं आणि खड्डा लागला की सुटतात. इन्सुलेशन चिरलं तर आत हिरवा गंज, पावसाचं पाणी मानेतून वर चढलेलं. आणि कारण पण समोरच होतं, हार्नेस धरणारी क्लिप जागेवर नव्हती. कुणीतरी कधीतरी खालचं कव्हर काढून बसवताना ती टाकून दिली आणि हार्नेस इंजिनबरोबर वर्षानुवर्षं झोके घेत राहिला.

कपलर नवा मिळायला दीड महिना लागला असता. त्याच प्लॅटफॉर्मवरची ऑक्टाव्हिया आपल्याकडे 2001 मध्येच आली होती, म्हणून रविवारी अण्णा मंगळवार पेठेत जुन्या बाजारात गेले आणि भंगारातल्या ऑक्टाव्हियाच्या वायरिंगचा शेपटीसकट तीन पिनचा कपलर घेऊन आले, दोनशे रुपये. जोड मानेपाशी घेतला नाही, वीतभर वर घेतला, तिन्ही वायरींचे जोड एकाखाली एक, क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, वर गरम केली की आवळणारी गोंदवाली श्रिंक स्लीव्ह. सोल्डर नाही केला. इंजिनवरच्या हलत्या वायरीला सोल्डर केला की तिथं ती ताठ होते आणि सोल्डर संपतो तिथंच पुढच्या वर्षी तुटते, हे कितीतरी चांगल्या कारागिरांना पटत नाही पण करून बघा. क्लिप बसवली. बिल केलं बाराशे, तेल आणि फिल्टर वेगळं.

ती गाडी पुढच्या आठवड्यात कात्रजच्या घाटातून दोनदा गेली. दिवा आला नाही. आजपर्यंत आलेला नाही.

साहेबांनी ती वही आणि कापलेल्या वायरीचा तुकडा त्या मोठ्या वर्कशॉपच्या काउंटरवर नेऊन ठेवला. तिथले लोक म्हणाले बघतो. दोन सेन्सरचे पैसे परत दिले नाहीत, आणि आमच्याबद्दल जे बोलले ते मागे घेतलं नाही. मला पैसे नको होते, एक फोन हवा होता, कॅबवाल्यांना, की आमची चूक झाली. तो आजपर्यंत आला नाही. पण जुन्या गाड्यावाले चौघं दिवाळीच्या आत आले आणि त्यांच्यामागे आणखी आले, आज आमच्याकडचं निम्मं काम अशाच गाड्यांचं आहे ज्यांना दुसरीकडून "इंजिन खोला" सांगितलेलं असतं. गेलेल्या पोरांपैकी एक परत आलाय, तोच आता स्कोप चालवतो.

अण्णा 2019 ला सासवडकडे गावी गेले, गुडघ्यांमुळे खाली वाकता येत नाही. टेस्ट लॅम्प माझ्याकडे ठेवून गेलेत. खंडेनवमीला पान्यांच्या पूजेत तो सगळ्यात पुढे असतो, आणि त्या दिवशी अण्णा नक्की येतात.

तुमच्या गाडीला असा येता-जाता दिवा लागत असेल तर आधी फोटो काढा, कॅनखालच्या शब्दासकट. पट्टी बघितल्याशिवाय एक थेंब तेल टाकू नका. दिवा कधी येतो त्याची वही ठेवा. मग या, शक्यतो सकाळी, आणि वाटेत कुठं बॉनेट उघडून कुणाला वायरी हलवू देऊ नका.