इंजिनिअरिंग की प्री-मेड: आमची यादी कशी ठरतेय

आमची लेक यंदा इथे अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे सीनियर इयरला आहे. गणितात ती रमते, आणि उन्हाळ्यात हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटिअर म्हणून जायला लागल्यापासून तिला डॉक्टर व्हावंसंही वाटू लागलंय. सतराव्या वर्षी दोन्ही वाटावं यात मला काही वावगं दिसत नाही. म्हणून कॉलेजांची यादी करताना आम्ही रँकिंग बाजूला ठेवलं. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला: दुसऱ्या वर्षी हिचं मन बदललं तर?

इंजिनिअरिंगमधून बाहेर पडून बायोलॉजी घेणं बहुतेक ठिकाणी सोपं असतं. उलट दिशेने यायचं तर दार अरुंद. बर्कलीसारख्या ठिकाणी दुसऱ्या विभागातून नंतर इंजिनिअरिंगमध्ये शिरणं फार अवघड आहे. पर्ड्यूत इंजिनिअरिंगची मुलं पहिलं वर्ष एकत्र काढतात आणि शाखा त्यानंतर ठरवतात, ते मला मुलांच्या दृष्टीने जास्त शहाणपणाचं वाटतं. मन दोन्हीकडे असेल तर अर्ज इंजिनिअरिंगला करावा, हे माझं मत इथूनच पक्कं झालं.

पण त्याची किंमत काय, तेही नीट पाहायला हवं. भेटीगाठींत लोक विचारतात, प्री-मेडला कुठलं कॉलेज चांगलं? प्री-मेड म्हणजे कॉलेजात असताना मेडिकल स्कूलसाठी केलेली तयारी. तो मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, नसतोच. साधारण एकेक वर्ष बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, सगळं लॅबसकट, शिवाय बायोकेमिस्ट्री. एवढं केलं की मेजर इतिहासाचा असला तरी चालतो. इंजिनिअरिंगबरोबर हे बसतं का, ते ब्रोशरमध्ये कळत नाही. आम्ही बायोमेडिकल इंजिनिअरिंगचे चार वर्षांचे प्लॅन छापून घेतले आणि ऑरगॅनिकचं दुसरं सेमिस्टर कुठे बसतं ते पेन्सिलीने शोधलं. काही ठिकाणी जागा निघाली, काही ठिकाणी उन्हाळ्याशिवाय पर्याय नव्हता.

मग जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी. बहुतेक मेडिकल स्कूलचा अर्ज एएमकॅस या सामाईक अर्जसेवेतून जातो, आणि तिथे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढतात. सर्किट्स किंवा थर्मोडायनॅमिक्ससारखे इंजिनिअरिंगचे कोर्स साधारणपणे त्यात धरले जात नाहीत, एकूण जीपीएत मात्र धरले जातात. म्हणजे अशा कोर्समध्ये मिळालेला सी ग्रेड एकूण आकडा खाली ओढणार, आणि सायन्सच्या आकड्याला त्या मेहनतीचा उपयोग नाही. हे लेकीला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, मला सर्किट्स आवडलं तर मी घेणारच." घेऊ दे. आवडीने घेतलेला विषय कुणी सोडावा असं मला कधीच वाटलेलं नाही. फक्त हिशेब आधी माहीत असावा.

एका कॉलेजच्या माहिती सत्रात मेडिकल प्रवेशाच्या टक्केवारीवर बराच वेळ गेला. मी विचारलं, ही टक्केवारी कुणातून काढलीय? काही कॉलेजांत मेडिकल स्कूलसाठी कॉलेजच्या समितीचं शिफारसपत्र ठरावीक जीपीएच्या वरच्याच मुलांना मिळतं. बाकीची मुलं बरेचदा अर्जच करत नाहीत, आणि मग टक्केवारी छान दिसते. पहिल्या वर्षी स्वतःला प्री-मेड म्हणणारी किती होती आणि शेवटी अर्ज किती जणांनी केला, हे विचारल्यावर जे कॉलेज मोकळेपणाने बोललं ते आमच्या यादीत वर गेलं. ब्राउन युनिव्हर्सिटीच्या आठ वर्षांच्या पीएलएमईसारखे, कॉलेज आणि मेडिकल स्कूल दोन्हींना एकदम प्रवेश देणारे थेट कार्यक्रम आम्ही सोडून दिले. ज्याचं ठरलंय त्याच्यासाठी ते उत्तम आहेत, हिचं अजून ठरलेलं नाही.

इंजिनिअरिंगसाठी एबेट या दर्जा तपासणाऱ्या संस्थेची मान्यताही पाहिली. ती कॉलेजला नसते, त्या-त्या प्रोग्रामला असते. एकाच कॉलेजात मेकॅनिकलला असते आणि नव्या एखाद्या शाखेला नसते.

पैशांवर घरात सगळ्यात जास्त बोलणं झालं. १ जुलै २०२६ पासून मेडिकलच्या नव्या विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच मिळणार. बऱ्याच मेडिकल स्कूलचा खर्च त्याहून जास्त आहे. म्हणून पहिल्या चार वर्षांत कर्ज जवळजवळ नको, असा तिच्या बाबांचा आग्रह आहे आणि मी त्यांच्या बाजूने आहे. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता आपल्याला अंदाजे किती भरावं लागेल ते तो सांगतो. तो भरूनच नाव यादीत घेतलं, आणि आपल्या राज्यातली सरकारी युनिव्हर्सिटी त्यामुळे पहिल्या ओळीत आली. कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या साइटवर, वीस कॉलेजांची मुभा आहे. आमची यादी त्याच्या जवळपासही नाही.

अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर करायचा बांधील अर्ज, आम्ही कुठेच करत नाही आहोत. प्रवेश मिळाला तर जावंच लागतं, आणि मग इतर कॉलेजांनी किती मदत देऊ केली असती ते ताडून पाहता येत नाही. अर्ली अ‍ॅक्शनमध्येही अर्ज लवकर करायचा, पण त्याला ते बंधन नसतं, म्हणून जिथे ती सोय आहे तिथले निबंध ती आधी लिहितेय.